दोन माणसांचं काम

दातांच्या डॉक्टरांना मोटारसायकलची टाकी पुढून दोन बोटं उचलून हवी होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाची निदान गाडी तरी ताठ मानेची असावी, असं त्यांचं म्हणणं. किट त्यांनीच आणलं होतं. दोन पोलादी पट्ट्या, चार बुश, लांब बोल्ट आणि जरा लांब पेट्रोलची नळी. वहिनींनी ते सगळं वर्तमानपत्रावर मांडलं.

"संध्याकाळी या. नाक वर करून चालेल तुमची गाडी."

डॉक्टर हसत गेले. वहिनींचं हसू मात्र ते कोपऱ्यावर वळेपर्यंतच टिकलं.

गॅरेज नवरा-बायकोचं. नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत, म्हणून त्या वहिनी. त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि आठ वर्षांत हाताबाहेर गेल्या, अशी उस्तादांची लाडकी थट्टा. सहा महिन्यांपूर्वी उस्तादांना झटका आला आणि डावा हात लुळा पडला. तेव्हापासून ते दोन गल्ल्या पलीकडे, घरात पडून होते. परवा डॉक्टरांच्या गाडीचं कळल्यावर त्यांनीच विषय काढला होता.

"टाकीचं काम दोन माणसांचं. तुला एकटीला जमलं तर दुकान आपलं. नाहीतर किल्ली धाकट्याला देऊन टाकू. त्याला तिथं मोबाइलचं दुकान काढायचंच आहे."

वहिनी "बरं" म्हणाल्या होत्या. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता.

दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं, पंखा लावला आणि कामाला हात घातला. सीट काढली, पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढली. मागचा बोल्ट गंजून बसला होता. असा बोल्ट फिरवला की पलीकडचा नटही त्याच्याबरोबर गरगरतो. तो दुसऱ्या पान्यानं धरायला पलीकडे माणूस लागतो. वहिनींनी नुसतीच एकदा ताकद लावून पाहिली.

बोल्ट कुरकुरत सुटला. नट जागचा हलला नाही.

त्या वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या. नटावर पाना नव्हता, काही नव्हतं. गंजानंच धरला असेल, दुसरं काय. त्यांनी घाम पुसला आणि टाकी मागे ओढून काढली. उचलतानाच कळलं, पेट्रोल काढायचं राहिलं होतं. निम्मी भरलेली टाकी त्यांनी धापा टाकत चिंध्यांवर ठेवली आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

पट्ट्या चासीच्या मानेवर छान बसल्या. खरी परीक्षा पुढेच होती. टाकी परत चढवून, तिचं तोंड वर धरून, एका बाजूनं घातलेला बोल्ट दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायचा. त्यांनी लाकडी ठोकळ्याला जुनी ट्यूब गुंडाळून टाकीखाली सारला. ठोकळा सटकला. नवाकोरा रंग पट्टीवर घासता घासता वाचला. पुन्हा सारला, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा सारायला त्यांच्या मनगटात जोरच उरला नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या. धाकटा दीर इथं मोबाइलची कव्हरं टांगतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना रडू आलं. डोळे पुसून त्या पुन्हा गाडीपाशी वाकल्या. बोल्ट हातात घेतला आणि जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"अहो, धरा जरा."

टाकी उचलली गेली.

आतलं पेट्रोल एकदा डचमळलं आणि शांत झालं. पट्टीची भोकं टाकीच्या भोकांसमोर आली. त्यांतून पलीकडची भिंत दिसत होती. डाव्या अंगाला, अगदी जवळ, मलमाचा वास आला. रोज रात्री त्या उस्तादांच्या हाताला चोळायच्या, तेच मलम.

वहिनींच्या अंगावर काटा आला, पण पळावंसं वाटलं नाही. भुताला भ्यावं, नवऱ्याला कशाला भ्यायचं? त्यांनी मान वर केली नाही. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा आरपार गेला.

"सोडा आता."

टाकी डावीकडून हळूच टेकली. उजवी बाजू जराशी अधांतरी राहिली.

मग तीही टेकली.

संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेले ते शीळ घालतच. वहिनी किल्ली पदराला बांधून घरी आल्या. इतकं हलकं त्यांना सहा महिन्यांत वाटलं नव्हतं.

उस्ताद जागे होते.

"पेट्रोल काढायला विसरलीस ना?" ते म्हणाले. "खांदा भरून आलाय माझा."

वहिनींनी चादर बाजूला केली. लुळ्या पंजावर, बोटांच्या पेरांखाली, एक लाल वळ उमटला होता. टाकीच्या खालच्या कडेचाच. आणि सहा महिने पसरून पडलेली बोटं मिटली होती.

"अहो, बोटं हलली तुमची!" त्या एकाच वेळी हसू आणि रडू लागल्या. "माझं बोट धरा बघू. दाबा."

"नाही दाबता येत गं."

"येईल, येईल. मिटलीत ना ती."

"मी नाही मिटली." उस्तादांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "मी आपला डावीकडून धरून होतो. उजवीकडचा माणूस कुठून आणलास? चांगला आहे, जोर आहे त्याच्यात. फक्त तू सोडा म्हणालीस ना, तेव्हा त्यानं टाकी सोडून माझा हात धरला."

वहिनींनी हाताकडे पाहिलं. बोटं मिटली होती खरी, पण त्यांच्या आत आणखी एक पंजा मावेल एवढी जागा होती.