नऊ नंबरच्या खोलीतली पावणेतीनची नोंद

शुक्रवारी दुपारी रेटा प्रुइटने घेवडा मंद आचेवर शिजत ठेवला, टेबल पुसलं आणि भाचीकडून मागून आणलेला लॅपटॉप उघडला. परीक्षेची ही तिसरी आणि शेवटची खेप. पाचच्या आत प्रमाणपत्र मिळालं तर सोमवारपासून टेकडीवरच्या मनोरुग्णालयात नोकरी, आणि नोकरीबरोबर विमा. रेटाच्या लेखी विमा म्हणजे तिच्या मधुमेहाचं इन्सुलिन; विम्यावाचून ते तिला परवडणारं नव्हतं. फ्रिजमध्ये दीड बाटली उरली होती.

अकरा वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. शाळा बंद झाली. आता अमेरिकेतल्या केंटकीच्या या खोऱ्यात पगार देणारं उरलंय काय, तर ते हॉस्पिटल. तिथे रुग्णांवर लक्ष ठेवायला माणसं हवी होती. शिकणं घरबसल्या, इंटरनेटवर, सहा आठवडे. रेटा मन लावून शिकली. भडकलेल्या माणसापाशी कसं उभं राहायचं, घाबरलेल्याशी कसं बोलायचं, सगळं वहीत उतरवून घेतलं. चौथा धडा तर तिला तोंडपाठ होता. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक खोलीपाशी जायचं, दाराच्या काचेतून बघायचं, छाती तीनदा वरखाली झालेली मोजायची, आणि मगच तक्त्यात नोंद करायची.

आता गंमत ऐका. परीक्षाही त्याच धड्यावर होती. पडद्यावर एका खोलीचं तासाभराचं चित्रण चालायचं. हिरव्या भिंती, एक पलंग, राखाडी पांघरूण घेऊन कुशीवर झोपलेली एक बाई. दोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन, अशा चार नोंदी करायच्या; एक चुकली तरी नापास. रेटाने दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा पावणेतीनला लिहिलं, ‘श्वास दिसत नाही.’ दोन्ही वेळा लाल अक्षरं उमटली. चूक. योग्य उत्तर: झोपलेली.

चूक? डोळे फुटलेत का मेल्यांचे?

तिने मदतीच्या नंबरावर फोन लावला होता. कोल्बी नावाचा कोणीतरी बोलला.

“मॅडम, ते जुनं रेकॉर्डिंग आहे. एका हॉस्पिटलकडून आलंय, उत्तरंही त्यांच्याच तक्त्यातून घेतलीत.”

“अहो, पण ती बाई श्वास घेत नाहीये!”

“अकरा हजार लोकांनी ‘झोपलेली’ लिहिलंय, मॅडम. तुम्हालाच काय ते वेगळं दिसतंय.”

“तुम्ही स्वतः बघितलंय का?”

“मला... बघायची गरज पडत नाही.”

रेटाने फोन आपटला. श्वास मोजायला शिकवायचं, आणि मोजला की चूक म्हणायचं!

पावणेदोनला तिची मावसबहीण डेल्फा आली, केळ्याच्या पुडिंगचा वाडगा घेऊन. डेल्फा एकोणीस वर्षं त्याच हॉस्पिटलात याच कामावर होती. तिच्या वेळी असलं ऑनलाइन काही नव्हतं, म्हणून हे चित्रण तिने कधी बघितलेलं नव्हतं.

“मी शेजारी बसते,” ती म्हणाली. “तुझा शहाणपणा आज मी चालू देणार नाही. त्यांना जे हवं ते लिही आणि मोकळी हो.”

“खोटं लिहू?”

“नोकरी मिळव आधी. खरं मग बोल, हवं तेवढं.”

दोन वाजता चित्रण सुरू झालं. बाईची छाती हलत होती. रेटाने तीन श्वास मोजले आणि लिहिलं, झोपलेली. डेल्फाने एक चमचा पुडिंग तोंडात घातलं, आणि दुसरा हातातच राहिला.

“काय गं?”

“ही खोली...” डेल्फाने चमचा वाडग्यात ठेवला. “आमची नऊ नंबर. भिंत आता पांढरी केलीय.”

सव्वादोनला श्वास भराभर चालला होता. चित्रणाला आवाज नव्हता, तरी स्वयंपाकघरात कुणीतरी धाप लागल्यासारखं ऐकू येत होतं. रेटाने उठून गॅस बंद केला. घेवड्याचं खदखदणं थांबलं. धाप थांबली नाही. घेवड्याच्या वासावर आणखी एक वास चढला होता, हॉस्पिटलातल्या त्या गुलाबी साबणाचा.

“कोण आहे ही, डेल्फा?”

“जिनीव्हा स्टॅम्पर.” डेल्फाचा आवाज खाली गेला. “लहानशी होती गं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या तिला...”

“त्या दिवशी पाळी कुणाची होती?”

अडीच वाजले. पांघरुणातून हात बाहेर आला. दाराच्या दिशेने उचलला गेला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. किती तरी वेळ तो हात तसाच होता. मग तो पलंगाच्या कडेवरून खाली लोंबला.

“तुझी होती,” रेटा म्हणाली.

“दुपारचं जेवण झालं की आम्ही पुढच्या तासाचा तक्ता आधीच भरून टाकायचो. सगळेच! एकवीस खोल्या, माणसं दोन. तू करून बघ मग बोल!” डेल्फा रडायला लागली. “ती गेलीय ते चार वाजता कळलं. चौकशी झाली. त्यांनी नुसता तक्ता बघितला, एक रकाना मोकळा नव्हता. मला... चोख कामाचं पत्र दिलं गं त्यांनी.”

म्हणजे योग्य उत्तर हे होतं! हिने न बघता भरलेले चार रकाने. तेच धड्यात घातले, तेच अकरा हजार लोकांकडून घोटून घेतले. ज्यांनी नीट बघितलं ते नापास. कुणाला लाज नाही, कुणाला शरम नाही. एक बाई हात करत मेली, आणि यांनी तिच्या मरणाचा परीक्षेचा प्रश्न केला!

पावणेतीन. छाती हलत नव्हती.

“टिचकी मार,” डेल्फा कुजबुजली. “एकच शब्द आहे. ती काय परत येणार आहे का? दीड बाटली उरलीय तुझी, रेटा. हे बाहेर आलं तर माझीही नोकरी जाईल... मार टिचकी.”

रेटाचा हात पडद्यावरच्या ‘झोपलेली’ या पर्यायावर गेला. खोटं कशाला बोलू, गेलाच. इन्सुलिनवाचून काय होतं ते तिने आपल्या वडिलांच्या पायांवर बघितलं होतं. बोट टेकलं, थांबलं. मग ते आपल्या शब्दांत लिहायच्या खालच्या मोकळ्या रकान्यात आलं आणि तिने एकेक अक्षर दाबत लिहिलं.

‘श्वास नाही. जिनीव्हा स्टॅम्पर हात करत होती. कोणी आलं नाही.’

लाल अक्षरं आली. चूक. परीक्षेच्या संधी संपल्या.

“झालं समाधान?” डेल्फाने डोळे पुसले. “आता कुठली नोकरी, नि कुठलं काय.”

रेटा लॅपटॉप मिटायला गेली, आणि हात तसाच थांबला. लाल अक्षरांमागे चित्रण चालूच होतं. तीन वाजले, तरी चालूच. पलंगावरून लोंबलेला हात वर उचलला गेला. जिनीव्हा स्टॅम्पर उठून बसली. पांघरूण बाजूला केलं, अनवाणी पाय खाली सोडले आणि चौकटीबाहेर चालत गेली. उशीवर डोक्याचा खळगा तेवढा राहिला.

फोन वाजला. कोल्बी होता. आवाज अगदी खाली.

“मॅडम... तुम्ही काय लिहिलंत? इथे सगळ्यांचे फोन येतायत. सगळ्यांच्याच पडद्यावर... पलंग रिकामा आहे.”

रेटाने फोन खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले, आणि मागच्या दाराची मूठ फिरली. दार वीतभर उघडलं, जरा थांबलं आणि मिटलं. बाहेर लख्ख ऊन होतं. दाराच्या काचेपलीकडे कोणी नव्हतं.

“वारा असेल,” डेल्फा म्हणाली. झाडाचं पान हलत नव्हतं. तिची गाडी त्याच दारापलीकडे उभी होती, पण ती जागची उठली नाही.

साडेतीनला दार पुन्हा वीतभर उघडलं. साबणाचा वास दाट झाला. तीन श्वास मोजायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि दार मिटलं.

“बघून जातेय...” डेल्फाचे दात वाजत होते. “रेटा, ती मला बघून जातेय...”

“मग? बघायलाच हवं ना कुणीतरी!” रेटा ओरडली. इतकी वर्षं मागे राहिलेला कुणाचा तरी राग तिच्या तोंडून निघाला. आणि त्या रागातच तिचे डोळे भरून आले. डेल्फासाठी आले, की त्या बाईसाठी, तिचं तिलाच कळलं नाही.

पावणेचारला मूठ फिरली. दार वीतभर उघडलं.

“दारातून कसली बघतेस, बाई,” रेटा म्हणाली. “कुणी आलं नाही तुझ्याकडे, ठाऊक आहे मला. तू ये. आत ये.”

“नको... रेटा, नको...”

दार पुरतं उघडलं. उंबऱ्यात नुसतं ऊन पडलं होतं. मग डेल्फाच्या शेजारची रिकामी खुर्ची हळूच मागे सरकली, आणि टेबलावरचा डेल्फाचा हात कुणीतरी हातात घेतल्यासारखा वर उचलला गेला.