चार बोटं कमी

सुताराने दार पायानेच ढकललं, कारण दोन्ही हातांत लाकडी चौकट होती. आत ती लोकरीच्या गुंडाळीवर वाकलेली, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"ठेवा ती कुठेही... आणि या बाजूने धरा!"

ओळख म्हणाल तर एवढीच, की मागच्या आठवड्यात ती त्याच्या दुकानात चौकटीचं माप देऊन आली होती.

"रागावू नका हं," ती म्हणाली. "मावशीचं मनगट मुरगळलंय. आणि अडला हरी—"

"पुढचं म्हणू नका," तो हसला आणि बाह्या सरसावू लागला.

वाचनालयाच्या भिंतीवरचा नमदा, म्हणजे लोकर लाटून केलेलं जाड कापडी चित्र, उद्या सकाळी लागायचा होता. कारखाना मावशीचा, आणि तिने पहिल्यांदाच अख्खं काम हिच्यावर सोडलं होतं. जमलं तर पुढची भिंतचित्रं तिची. नाहीतर जन्मभर लोकरीच्या चपला.

दोघं लाटू लागले. गरम साबणपाण्यात लोकर लाटली की तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड आक्रसतं, पण लाटाल त्याच दिशेने. म्हणून मधूनमधून उलगडून ते आडवं फिरवायचं असतं. नव्या पोरींनाही हे पहिल्याच दिवशी सांगतात.

तो गमतीजमती सांगत होता. त्याचा हात तिच्या हाताला लागत होता... ती हसत होती.

उलगडल्यावर तिचं हसू मावळलं. नमदा चौकटीवर ठेवला, तर एका बाजूने चार बोटं कमी!

"चौकट कापू?" तो म्हणाला.

"फिरवायचंच विसरले मी... आणि भिंतीत खुंट्या याच मापाने ठोकल्यात. ओला आहे तोवर ताणू या. पण हळू... फाटला तर संपलंच."

टेबलाच्या दोन टोकांना दोघं समोरासमोर उभे राहिले. मधे नमद्यावरचा निळ्या लोकरीचा बगळा. त्याच्या मानेपाशी लोकर विरळ होऊ लागली. अजून दोन बोटं बाकी होती.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं हेच करता. मग फिरवायचं विसरलात कशा?"

मावशीच्या दुखण्याचं निमित्त अगदी जिभेवर होतं.

"तुमच्याकडे बघत होते," ती बोलून गेली.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

"चौकट उद्या परस्पर वाचनालयातच न्यायची होती," त्याचे कान लाल झाले होते. "इथे आणायचं... काही कामच नव्हतं माझं."

तिची पकड सैलावली.

"अहो, धरा! ताणा!"

ती दात आवळून मागे रेलली. विरळ मान थरथरली, पण तुटली नाही. कड हळूहळू सरकत लाकडाला टेकली. बगळ्याची मान चित्रापेक्षा जरा लांब झाली होती, आणि आता कुठे तो खरा बगळा वाटत होता.

"बसला," ती पुटपुटली. "आता... सोडायला हरकत नाही."

"नाहीच," तो म्हणाला.

पण सोडलं कुणीच नाही.