एक्केचाळीस टॉफ्या

धुकं इतकं दाट होतं, की फिलिपा दारात पोचण्याआधी तिचा आवाजच आत आला.

"मॉर्वेनाबाई, माझ्या मामाला लुटलंय!"

बॅरो पॉइंट गावात मॉर्वेना क्लेगचं खासगी तपासाचं ऑफिस म्हणजे जुन्या बोटघराची माडी. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हॅमिश तिचा मदतनीस. टास्मानियातल्या त्या धुक्यात जाग कुठे संपते आणि डुलकी कुठे लागते, हे त्याला कधीच नीट कळत नसे.

फिलिपाने कागद टेबलावर आपटले. तिचा मामा म्हणजे आयव्हर टॉलमन, दीपगृहाचे जुने रखवालदार, वय ब्याऐंशी. कागद त्यांच्या क्रेडिट कार्डाचे होते. गावात अर्ध्या घरांत तेच कार्ड होतं, काळ्या समुद्रपक्ष्याचं चित्र असलेलं. ते एकदा वापरलं, की बँक दहा सेंट पक्षी-निधीला द्यायची.

"बघा! एकाच दुकानात, एका मंगळवारी एक्केचाळीस वेळा! दर वेळी चाळीस सेंट. आदल्या मंगळवारी नऊ वेळा, त्याच्या आधी सव्वीस. चोर आधी अशाच छोट्या रकमांनी कार्डाची चाचपणी करतात. वर एकोणीसशे डॉलर थकलेत!"

"मामांना विचारलंस?"

"छे! हृदय अधू आहे त्यांचं. ही त्या लुपेचीच करणी. घरकामाला आहे ना, खरेदीलाही तीच नेते. उद्या दुपारी मी पोलिसांत जाणार."

टोंगाहून आलेल्या लुपेचा व्हिसा त्या नोकरीवर होता. आळ आला तर मुलांसकट तिला गाव सोडावं लागलं असतं.

लुपे त्या दुकानाबाहेरच भेटली. फिलिपाने तिला कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

"दर मंगळवारी मी आजोबांना इथे सोडते आणि औषधं आणायला जाते," ती म्हणाली. "कार्ड त्यांच्याच खिशात असतं. पण माझं कोण ऐकणार, बाई?"

आत ट्रेव्हर गल्ल्यावर जांभया देत होता.

"चाळीस सेंटला काय मिळतं रे?" मॉर्वेनाने विचारलं.

"सुटी टॉफी. मंगळवारी बरणी रिकामी होते. कोण नेतं, देव जाणे. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर लोक आपापलं बिल करतात. दिवसभर टिंग, टिंग. मी तिकडे बघतच नाही."

"कार्डाचे नंबर तुलाही मिळत असतील?"

ट्रेव्हर लाल झाला. "टॉफीसाठी तुरुंगात जाईन, एवढा खुळा दिसतो का मी?"

आयव्हरच्या घरात धुकं खिडकीशी टेकून बसलं होतं. खिडकीत टॉफीच्या तीन भरलेल्या बरण्या होत्या.

"घे, घे," ते हॅमिशला म्हणाले. "मला कुठे दात आहेत! लुपेला ताप आलाय, असं फिलिपा म्हणाली. बरी आहे ना पोरगी?"

हॅमिशने टॉफ्यांवर ताव मारला. मॉर्वेनाने दीपगृहाचा विषय काढला, तसे म्हातारबुवा खुलले. गळ्यातल्या किल्लीने त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि कधी कोणाला न दाखवलेली, दीपगृहावरच्या दिवसांतली एक वही काढली. एका आठवड्याला एक पान. वारा, धुकं, बोटी, आणि कडेला एक आकडा. सव्वीस. पुढच्या पानावर नऊ.

"हा आकडा कशाचा?"

त्यांनी वही मिटली. ती पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा गळ्यात अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्याच खोलीत जमले. मॉर्वेनाने आयव्हरना सगळं सांगितलं, लुपेवरच्या आळासकट. फिलिपा हां हां म्हणेपर्यंत सांगून झालं होतं.

आयव्हरचा चेहरा उतरला. "लुपेने? अरे देवा! मी केलं ते. ती काय चोर आहे?"

"मामा, तिला वाचवायला खोटं बोलू नका!"

"म्हणूनच पुरावा आणलाय," मॉर्वेना म्हणाली. "चाचपणी करणारा चोर एक-दोनदा करतो, एक्केचाळीस वेळा नाही. आणि चोरलेल्या टॉफ्या ज्याचं कार्ड त्याच्याच खिडकीत ठेवत नाही."

"म्हणजे मी पुरावा खाल्ला?" हॅमिश दचकला.

"सात पुरावे. मी मोजत होते. आता वही. सव्वीस, नऊ, आणि पुढचं पान मी पाहिलेलं नाही. तिथे एक्केचाळीस असणार. किल्ली यांच्या गळ्यात. लुपेला तो आकडा कळणार कुठून?"

आयव्हरनी पेटीतून वही काढून दिली. फिलिपाने पान उलटलं. आकडा एक्केचाळीसच होता.

"धुक्यात पक्षी दिव्यावर येऊन आपटायचे," आयव्हर हळूच म्हणाले. "सकाळी मी मेलेले पायथ्याशी वेचायचो, मोजून वहीत लिहायचो. दिवा विझवला असता तर बोटी बुडाल्या असत्या. म्हणून लावायचो. मशीन टिंग करतं ना? दर मंगळवारी वहीचं एक पान घेतो. त्यातल्या प्रत्येक पक्ष्यासाठी एकदा तरी वाजावं, असं वाटलं."

हॅमिशने हातातली टॉफी गुपचूप बरणीत परत ठेवली.

"आणि थकबाकी?" फिलिपाने विचारलं. तिचा आवाज बसला होता. "पेन्शन तर बँकेत पडून आहे."

"सगळं फेडलं तर कार्ड बंद करतील ना! मग पक्ष्यांचं काय? म्हणून बँक मागते ती किमान रक्कमच भरतो."

"कार्ड बंद होत नाही, आयव्हर," मॉर्वेना म्हणाली. "दर महिन्याला पूर्ण फेडलंत तर व्याजही लागत नाही. या तीन मंगळवारी पक्ष्यांना मिळाले सात डॉलर साठ सेंट. व्याजात गेले एकतीस. टॉफीचे चाळीस सेंट सरळ दुकानातल्या पक्षी-निधीच्या डब्यात टाकले असते, तर चौपट मिळाले असते."

"डब्यात नाणं पडल्यावर आवाज होतो?"

"खणखणीत."

फिलिपा उठली आणि लुपेसमोर उभी राहिली. "मी चुकले. येशील का परत?"

"आजोबांसाठी येईन," लुपे म्हणाली. "तुमच्यासाठी अजून ठरलं नाही."

संध्याकाळी धुकं विरळ झालं. लुपे आयव्हरना हाताला धरून कड्यावर घेऊन आली. दिवसभर समुद्रावर राहिलेले ते काळे पक्षी कड्याच्या मातीतल्या आपल्या बिळांकडे परतू लागले, आधी एक, मग चार, मग सगळं आभाळच काळं हलायला लागलं.

"एक, दोन, तीन..." आयव्हर सवयीने मोजू लागले. शंभराच्या आसपास त्यांचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा मोजायला घेतलं नाही.