पोचेस्तोवर

मुंबई ते सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर, विमानानं साडेपाच तास. सिंदी रेल्वे गावच्या मनोहररावांना हा हिशेब तोंडपाठ होता, कारण तेवढा वेळ त्यांच्या घरात झाडू लागत नसे.

घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेस्तोवर घर झाडायचं नाही, हा त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा नेम. मुलगा वैभव नागपूरला शिकायला होता तेव्हा बरं होतं. पॅसेंजर तासाभरात पोचायची. पोरगा सिंगापूरला नोकरीला लागला आणि घरातला कचरा दिवसदिवस पडून राहू लागला. मनोहररावांचा जन्म कापसाच्या व्यापारात गेलेला; काट्यावर चढत नाही ती गोष्ट त्यांना पटत नसे.

"काऊन बसली व अशी? विमान काय तुह्या फड्यानं उडते?" ते चिडवायचे.

"तुम्हाले नाई समजत," ती म्हणायची. मग केव्हातरी आपणच उठून कोपऱ्यातला फडा उचलायची. दोन फटके लांब, एक आखूड, आणि त्या आखूड फटक्याला बांगड्यांची किणकिण. निम्मी खोली झाडून होते न होते तोच फोन वाजायचा, "पोचलो, बाबा." हे तिला आधीच कसं कळायचं, देव जाणे. तिला विचारायचं राहूनच गेलं.

वच्छलाबाईंना जाऊन परवा वर्ष झालं. श्राद्धाला आलेला वैभव काल मुंबईला गेला आणि आज सकाळी सिंगापूरच्या विमानात बसला. माजघरात झेंडूच्या पाकळ्या, तांदूळ, पत्रावळीच्या काड्या तशाच पडल्या होत्या.

शेजारची रोशनी चहा घेऊन आली. "काकाजी, झाडून देऊ का? किती कचरा पडून राह्यला!"

"नको व पोरी. वैभव हवेत आहे अजून."

म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं, मग डोळे भरून आले. आयुष्यभर जिची थट्टा केली, तिचाच नेम आता ते पाळत होते. पाळणार नाही तर काय? एवढा एक पोरगाच तर उरला होता.

रोशनी गेल्यावर ओसरीत खुर्ची टाकून ते मोबाइलवर विमान पाहत बसले. नकाशावर ते मुंगीच्या चालीनं सरकत होतं. चेन्नई मागे पडली. खाली सगळं निळं पाणी. अजून तीन तास होते.

ऊन पायरीवर आलं तेव्हा आतून आवाज आला.

दोन लांब, एक आखूड. किणकिण.

मनोहररावांनी मोबाइलवरून मान वर केली.

"वच्छला," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "थांब व. पोरगा पोचला नाई अजून."

आवाज थांबला नाही.

भिंत धरत ते आत गेले, तेव्हा थांबला. माजघरात कोणी नव्हतं. निम्मी फरशी लख्ख झाली होती, पाकळ्यांचा ढीग मधोमध होता. कोपऱ्यात फडा नव्हता.

हातातला फोन वाजला.

"पोचलो, बाबा." वैभवचाच आवाज. लहानपणी शाळेतून घरी आल्यावर असायचा, तसा निवांत.

"कुठं पोचला रे?"

त्याच्या मागे विमानतळाची गडबड नव्हती. दोन लांब, एक आखूड, किणकिण.

त्यांनी फोन कानापासून काढून नकाशा पाहिला. विमान समुद्रावरच होतं. सरकत नव्हतं.

मग त्यांची नजर खाली गेली. उरलेली निम्मी खोलीही झाडून झाली होती.