मुखवट्याआतला आवाज

किरिको चोफू शहरातल्या स्टुडिओत पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शेवटचं रीळ तेवढं राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ते हातावेगळं करायचं होतं.

ध्वनिसंकलनाचं काम, नेहमीचंच. सुपरहिरोच्या सिनेमात मुखवट्याआडचे नट शूटिंगला संवाद म्हणतात, ते नुसते अंदाजासाठी. नंतर दुसरे कलाकार आपला आवाज देतात आणि किरिको आधीचा पुसून टाकते. या सिनेमातला राक्षस म्हणजे नायकाच्या मनात ठाण मांडून बसलेला त्याचा मेलेला धाकटा भाऊ. तो पोशाख घालायचा शुन्पेई, किरिकोचा सख्खा भाऊ. त्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. एकोणपन्नासावा, म्हणजे आत्म्याला निरोप द्यायचा दिवस, अजून व्हायचा होता. तो गेला त्या दुपारी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा ती याच खुर्चीवरून म्हणाली होती, "एवढं संपवून निघते." ती पोचली तेव्हा उशीर झाला होता.

शुन्पेईला फोनवर बोलायचा कंटाळा. त्याचा आवाज या रिळांखेरीज कुठेच उरला नव्हता.

काचेपलीकडे राक्षसाला आवाज देणारे म्हातारे होझुमी-सान माइकपुढे उभे राहिले. "तुमचा भाऊ माझ्या पोटावर पाय आणणार होता हो. मुखवट्याआडून इतकं चांगलं कोण बोलतं?"

"त्याला सांगितलं असतंत तर डोक्यावर चढून बसला असता."

दोघं हसली. मग कामाला लागली.

एकेक दृश्य पुसत ती शेवटच्याशी आली. हे तरी सोपं होतं. त्याचं शूटिंग झालं तेव्हा शुन्पेई दवाखान्यात होता. पोशाखात कोदाई नावाचा दुसरा नट होता. संवाद एवढाच: "दादा, मला जाऊ दे."

तिने रीळ सुरू केलं. मुखवट्यात कोंडलेला श्वास. मग अगदी हळू...

"नको ना जाऊ देऊस... ताई."

तिने पुन्हा लावलं. तेच.

"होझुमी-सान... ऐकलंत?"

"ऐकलं की. 'मला जाऊ दे' म्हणतोय, तेही गाडी चुकत असल्यासारखं. गाढव आहे कोदाई." त्यांनी काचेतून तिच्याकडे निरखून पाहिलं. "उद्या करू या का?"

"उद्या माझ्याच्यानं होणार नाही..."

होझुमी-सानांनी संवाद म्हटला. तिने खालचा शूटिंगचा आवाज पुसला.

"चला, चहा घेऊ."

"व्हा पुढे. आलेच."

दार मिटलं. पुसलेली पट्टी कोरी होती. तरी त्या पट्टीवरचा आवाज दाखवणारा हिरवा दिवा मंद उजळला, मावळला. किरिकोने हेडफोन कानांना लावले. आत श्वास चालला होता. एक... मग दुसरा. मधलं अंतर वाढत होतं.

बाहेरून होझुमी-सानांची हाक आली. ती उठली नाही.

"आहे रे मी," ती म्हणाली. "कुठे जात नाही."

दिवा पुरता विझला. ती बराच वेळ वाट पाहत राहिली, मग तिने हेडफोन काढून ठेवले.

पुढचा श्वास तरीही आला. ऊबदार, तिच्या डाव्या खांद्यापाशी.