माशांच्या पोटातला साबुदाणा

"मोठी आई, थांब! त्या माशाच्या पोटात काय हाय?"

पुतणी पायल ओरडली तशी मीराबाईची विळी थांबली. रोहूच्या पोटातून पांढरे गोल दाणे पाटावर पडले. टिक्, टिक्, टिक्! मासे घ्यायला आलेल्या दोघी बायका पिशव्या गुंडाळून चालत्या झाल्या.

"हा चौथा मासा," मीराबाई म्हणाली. कामठीजवळच्या त्या गावचा तलाव ती वीस वर्षं सांभाळत होती. मासा धडधाकट आहे की नाही, ते पाण्यावरच्या बुडबुड्यांवरून सांगायची बाई! "सरपंच म्हणते, मीच माशाईले काहीबाही चारते. सोमवारी सभा हाय. तलाव दुसऱ्याले देऊन टाकतो म्हणते."

"देतो कसा?" विक्की उसळला. मीराबाईचा हा भाचा दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या जरीपटक्याहून आला होता. "मामी, आमी कायले हाओत मंग?"

"खायले!" पायल म्हणाली.

शेजारच्या अश्विननं दाणे उचलून बाटलीत भरले. या पोराला जे दिसेल ते बाटलीत भरायची सवयच होती.

तलावात दोन नाले येत. एक गावाकडून, एक खुर्च्यांच्या कारखान्याकडून. पायलनं फाटकी मच्छरदाणी कापून दोन्हीकडे बांधली. सकाळी पाहतात तर गावाकडच्या जाळीत पानं आणि एक चप्पल. कारखान्याकडच्या जाळीत ओंजळभर दाणे!

नाल्याच्या काठाकाठानं तिघं थेट कारखान्याच्या फाटकाशी पोचले. आत ट्रकमधून पोती उतरत होती. एक पोतं फाटलेलं. सांडलेले दाणे झाडून कोण भरतो? एका गड्यानं पाण्याचा पाइप लावला अन् सगळं नालीत ढकलून दिलं!

"मासे याले अंडे समजून गिळते," अश्विन हळूच म्हणाला. "अन् उन्हानं याचा भुगा झाला ना, तर तो दिसत बी नाही."

"काय पाहून राहिले बे?" मागून आवाज आला. कारखान्याचा सुपरवायझर केशव!

पायलनं तळहात पुढे केला. "काका, हे तुमचे दाणे हायेत ना?"

"हट! एकादशीचा साबुदाणा फेकला असन लोकायनं."

विक्की भांडायला सरसावला, पायलनं त्याची कॉलर धरली. "काका, हेच सोमवारी सभेत येऊन सांगान काय?"

"सांगीन ना! भेतो काय मी कोणाले?"

सोमवारी तो खरंच आला. सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला, "साबुदाणा हाय तो!"

तेवढ्यात पायलनं त्याच्यापुढे ताटली ठेवली. दाणे, वर शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर!

"खा काका. तुमचा साबुदाणा!"

"रातभर भिजवला," विक्की म्हणाला. "एक दाणा फुगला नाही. पाणी बी पेत नाही, लय उपासाचा हाय!"

सभा हसली. सरपंच चंपतराव खिचडीचे भारी शौकीन, त्यांचा हात नकळत ताटलीकडे गेला. पायलनं मनगटच धरलं. "तुमी नका खाऊ! खुर्च्या बनवाचं प्लास्टिक हाय ते. मासे खाऊन राहिले तेच."

चंपतरावांनी हात मागे घेतला. मग ताटली केशवकडे सरकवली. "घे गा. खाय."

केशवनं ताटली मागे सारली. "पोते फाटते साहेब... झाडायचा कंटाळा करते माणसं. मीच पाणी मारा म्हटलं."

"मंग उद्या नालीवर जाळी बसव. अन् तलावाचा काठ तुझे माणसं चाळणीनं चाळतीन. तू सर्व्यात पुढं!" चंपतराव मीराबाईकडे वळले. "मीराबाई, चुकलं माझं. तलाव तुमचाच. अन् हे पोट्टे माह्यापेक्षा हुशार निघाले वं!"

"साफ व्हायले दिवस लागतीन," मीराबाई म्हणाली. "पण मी हाओ."

त्या संध्याकाळी तिनं खरी साबुदाण्याची खिचडी केली. पायलनं घास उचलला तर विक्की ओरडला, "थांब!"

त्यानं एक दाणा चिमटीत धरून दाबला. डोळा बारीक करून पाहिला. मग ऐटीत मान हलवली.

"दबते! खा बे!"