जिन्याच्या वळणावरचा रातकिडा

आमच्या रेडिओ केंद्रात दोन सर्व्हर. खालच्या मजल्यावर काचेच्या थंड खोलीत नवा. त्याला आम्ही हत्ती म्हणायचो. विहारातल्या थोरल्या भन्तेंनी येऊन त्याच्यावर पांढऱ्या लेपाचे ठिपके लावले होते, मंतरलेलं सूत गुंडाळलं होतं. जुना वरच्या मजल्यावर. त्याचा पंखा दिवसभर किरकिरायचा, म्हणून तो रातकिडा.

रातकिड्यावर आता एकच गोष्ट उरली होती, प्रवचनांचा छोटासा डेटाबेस. इथे ईशान्य थायलंडात, रोई एतच्या आसपासच्या विहारांत भिक्खू गाऊन प्रवचन सांगतात, त्यांची ध्वनिमुद्रणं आणि कोण कुठे गायलं त्याची माहिती. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी, सकाळी त्यातलं एक आम्ही लावतो. मला त्या गाण्याचं लहानपणापासून वेड. आई मांडीवर घेऊन मंडपात बसायची, शेजारी चिकट भाताची टोपली. भन्तेंनी सूर लांबवला की बायका खांद्यावरच्या शेल्याने डोळे टिपायच्या आणि दोन ओळींनंतर त्याच खळखळून हसायच्या. अजूनही तो सूर कानावर आला की माझे हात आपसूक जुळतात.

"एवढासा तर आहे," आमचे वीरयुत साहेब म्हणाले. "हत्तीच्या पाठीवर माशी बसावी तसा. टाक तिकडे, लम्दुअन, आणि तो किडा बंद कर. नुसती वीज खातो."

बोलणं बरोबरच होतं. संगणकांचं सगळं माझ्याकडे. दुपारी मी डेटाबेस हत्तीवर नेला, दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. कणाचाही फरक नव्हता.

त्यात एक ध्वनिमुद्रण आमच्या निवेदिका सोमपितताईंच्या मुलाचं होतं. ताओ त्याचं नाव. श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू झाला त्या वर्षी गावच्या मंडपात त्याने आईचा अध्याय गायला होता. रानातून फळं घेऊन परतलेली आई, बापाने मुलं दान देऊन टाकल्याने रिकामी झोपडी, आणि मग तिने मुलांना मारलेल्या हाका. प्रत्येक हाकेनंतर ताओ थोडा थांबायचा, जसं काही रान उत्तर देणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो ची नदीत बुडाला. ताईंकडे त्याचा आवाज तेवढाच उरला. जेवायच्या सुट्टीत त्या रोज ऐकायच्या.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी आल्या. हेडफोन हातातच होता.

"काय केलंस गं?"

मी ऐकलं. मंडपामागे कोंबडा आरवला. घंटा वाजली. कुणी म्हातारा खोकला. ओळ जिथे संपायची तिथे बायका दाद देत एका सुरात 'साधु' म्हणाल्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त गाणारा नव्हता.

रातकिडा अजून चालू होता. त्याच्यावर लावलं, तर ताओ नेहमीसारखा गात होता. मी पुन्हा प्रत काढली, पुन्हा ताडली. हत्तीवर पुन्हा तेच, बायका मोकळ्या जागेला 'साधु' म्हणत होत्या.

"त्याला सांगितलं होतंस?" ताईंनी विचारलं.

"कुणाला?"

"नदीवरून घरी आणला ना, तेव्हा मी उदबत्ती धरून गाडीत बसले होते. प्रत्येक पुलावर सांगितलं, बाळा, पूल आला, ये. प्रत्येक वळणावर सांगितलं. न सांगता नेलं की गेलेले मागे राहतात गं. आणि तू नुसती बटणं दाबलीस."

"ताई, ही फाइल आहे."

"फाइल आहे ना? मग गाऊ दे की."



दुपारी ताईंनी रातकिड्यापुढे उदबत्ती लावली आणि ती हातात धरून निघाल्या. मी मागे. "ताओ, चल. हा उंबरा. इथून जिना लागतो, पायऱ्या उंच आहेत, जपून." जिना मध्येच डावीकडे वळतो. तिथे पोचतो न पोचतो तोच ताईंचा फोन वाजला. खेनची, आमच्याकडच्या बांबूच्या वाद्याची धून. पलीकडे वीरयुत साहेब, बातम्यांचा कागद कुठे ठेवलाय म्हणून. "टेबलावरच आहे हो साहेब, पंख्याखाली," बोलता बोलता ताई वळल्या, खाली उतरल्या. फोन बंद करून काचेच्या दाराशी म्हणाल्या, "आलास का रे?"

हत्तीवर लावलं. कोंबडा, घंटा, साधु.

वर धावत जाऊन रातकिड्यावर लावलं.

कोंबडा, घंटा, साधु.

ताई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वळण. वळण सांगायचं राहिलं."

मी रातकिडा उचलला. जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलं, वायर खालून ओढून घेतली. साहेब ओरडले, "जिन्यात सर्व्हर? हत्ती दारात असताना किड्याला पाट मांडताय?" त्याला इथे हवा लागते, असं काहीतरी मी सांगितलं.

ताओ गायला लागला.

पण ते गाणं शेतातल्या उघड्या मंडपातलं राहिलं नव्हतं. आवाज भिंतींना लागून परत येत होता, आमच्या जिन्यात हाक मारली की येतो तसा.

"ताई, आता वळण सांगून टाका," मी म्हटलं. "अर्धा जिना तर उरलाय. खाली भन्तेंचं सूत आहे."

ताई पायरीवर बसून जेवत होत्या. भाताचा एक गोळा पानाच्या कडेला वेगळा ठेवला होता.

"खाली किती थंड असतं गं. कुलूपही असतं. इथे येता-जाता भेटतो."

"त्याला पुढे जायचं असेल, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "उद्या सांगते."

रोज त्या हेच म्हणतात.

काल उपोसथ होता. मी वळणावर त्यांच्याशेजारी हात जोडून बसले. ताओने आईची हाक गायली आणि थांबला.

त्या थांब्यात खेनची धून वाजली.

ताईंचा फोन त्यांच्या मांडीवर होता. बंद.

धून रातकिड्यातूनच येत होती. ती संपली. ताओ गायला नाही. घसा खाकरल्याचा बारीकसा आवाज तेवढा आला. मोठ्या माणसांचं फोनवरचं बोलणं संपायची वाट बघणारं शहाणं मूल खाकरतं ना, तसा.